शंभर रुपयांत घरपट्टी वाचून देणारं दुकान, आणि तिथं कुणी जावं

सोलापुरात दत्त चौकाजवळच्या एका बोळात झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, एवढंच लिहिलंय. संध्याकाळी सहा वाजले की आतल्या टेबलाशी दुकानदाराचे वडील येऊन बसतात आणि लोकांची घरपट्टीची बिलं वाचून देतात. भरून देत नाहीत, कमी करून देत नाहीत, वाचून देतात. एका बिलाचे शंभर रुपये. वाचायला कशाला पैसे द्यायचे, असं माझ्या नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे. मला ते पटत नाही, म्हणून हे लिहितेय.

दुकानाचं नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. गर्दी वाढली की बिल वाचायचं राहतं आणि टोकन वाटायचं काम मागं लागतं, असं त्यांचं म्हणणं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. एका नगरपालिकेच्या लेखा विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. सोलापूरची नव्हे, लहान गावची. त्यामुळं इथल्या कुणाची बाजू घेण्याचं त्यांना कारण नाही, आणि घेतही नाहीत.

माझं सांगायचं तर साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढच्या खोलीत माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा, मागं आम्ही राहतो. म्हणजे एकाच छपराखाली राहणं आणि विकणं. अशा घराचं बिल सरळ नसतं, आणि अण्णांकडं जाण्यात खरा फायदा अशाच घरांचा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही सेवा आहे का, ते पुढं सांगते.

अण्णा बिल वरून खाली वाचत नाहीत. आधी मिळकत क्रमांक, मग वापराचा रकाना, मग बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ. रक्कम सगळ्यात शेवटी. आपण बोट थेट रकमेवर ठेवलं की हात बाजूला करतात. “अक्का, ते शेवटी. आधी ते आलं कुठनं ते बघू की.”

मग कोऱ्या कागदावर हिशेब मांडतात. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम सोपे आकडे घेतले. खरे दर भाग, रस्ता, बांधकाम आणि वापर यांवरून ठरतात, त्यामुळं हे आकडे कुणी आपल्या बिलाला लावू नयेत. समजा घर ६०० चौरस फूट. त्यातली पुढची खोली १२० फूट, धंद्याची. उरलेलं ४८० राहायचं. राहण्याच्या जागेला फुटाला महिना एक रुपया भाडं धरलं, धंद्याच्या जागेला तीन. राहण्याचे वर्षाचे झाले ५,७६०, धंद्याचे ४,३२०. बेरीज १०,०८०. हे वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे ही जागा भाड्यानं दिली असती तर वर्षाला रास्तपणे काय आलं असतं तो अंदाज. भाडं कुणी देत नसलं तरी धरायचं असतंच. यातून दुरुस्तीसाठी म्हणून १० टक्के वजा. उरले ९,०७२. हे करयोग्य मूल्य. बिलातल्या सगळ्या टक्केवाऱ्या यावर किंवा वरच्या भाडेमूल्यावर चालतात.

मग त्यांनी पेन १२० वर ठेवलं. जागेचा पाचवा हिस्सा, पण भाडेमूल्यातले शंभरातले जवळजवळ त्रेचाळीस रुपये त्या खोलीचे. घरपट्टी कशामुळं जास्त, याचं उत्तर तिथंच मिळालं. आमच्या खोलीची नोंद बरोबरच होती, त्यात कुणाची चूक नाही. फक्त भाकरीच्या दरात ती खोली मी कधी धरलीच नव्हती. आता धरते.

मग येतात बिलाच्या ओळी. सामान्य कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर, अशी रांग असते. अण्णा दोन रंगांची पेनं वापरतात. निळ्यानं खूण केलेली ओळ महापालिकेची, लालनं केलेली राज्य शासनाची. मला हे पहिल्यांदाच कळलं की शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महापालिका फक्त गोळा करते आणि पुढं भरते. १९६२ च्या कायद्यातून आलेले हे कर आहेत. त्यातला रोजगार हमीचा कर राहत्या घराला नाही, बिगरनिवासी जागेला आहे. माझ्या बिलात तो आहे आणि जुळे सोलापुरातल्या माझ्या नणंदेच्या बिलात नाही, यावरून आम्हा दोघींत पूर्वी तर्क चालायचे. तिच्या भागात नगरसेवकाचं वजन आहे म्हणून, असा माझा तर्क होता. वजन-बिजन काही नाही, माझी पुढची खोली आहे.

एवढंच असतं तर मी याला बरी सेवा म्हणून सोडून दिलं असतं. बिलाचा अर्थ सांगणारे इतरही सापडतील. अण्णांचा वेगळेपणा यापुढं आहे. बिल वाचून झालं की ते खणातून महापालिकेच्या अंदाजपत्रकाची स्पायरल केलेली प्रत काढतात आणि तुमची रक्कम त्या पुस्तकात कुठं जाते ते दाखवतात. याचे वेगळे पैसे नाहीत. पण तुम्ही घाईत असाल तर नाराज होतात.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती तारखेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे १९४९ चा कायदा, त्यात पुढच्या वर्षीचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असं लिहिलंय. अंदाजपत्रकाला अंतिम मंजुरी त्यानंतर, नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत. मग १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असे सहामाही हप्ते देय होतात. आपण मात्र जागे होतो मार्चमध्ये, वसुलीची पथकं फिरायला लागली की. खिडकीवर बसलेल्या लिपिकाशी तेव्हा भांडून काय होणार? येऊ घातलेल्या वर्षाचा दरही तोवर ठरून गेलेला असतो. मार्चमध्ये सभागृहात अंदाजपत्रकावर भाषणं रंगतात, पेपरात ‘करवाढ नाही’ असा मथळा येतो, पण त्यातला कराचा भाग महिनाभर आधी उरकलेला असतो. बोलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत बोला, निवेदन द्यायचं तर तेव्हा द्या. आपल्याकडं तेव्हा गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा असते, ही अण्णांची तक्रार. सगळं सोलापूर नंदीध्वजांमागं असताना कराचा प्रस्ताव तयार होत असतो, म्हणतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण तारखा जुळतात खऱ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे दर वेगळा आणि मूल्य वेगळं. हे मला माझ्या धंद्यामुळं लगेच कळलं. चटणीचा किलोचा भाव मी वाढवला नाही, पण पाकिटात वजन जास्त भरलं तर गिऱ्हाइकाचं बिल वाढणारच. तसंच इथं. दर फेब्रुवारीत ठरतो. मूल्य ठरतं मोजणीतून आणि आकारणीच्या पुस्तकातून, जे दर चार वर्षांनी तरी नव्यानं करायचं अशी नियमात अपेक्षा आहे. वर एक खोली चढवली, पत्रा काढून स्लॅब टाकला, पुढं शटर बसवलं की मूल्य बदललं. म्हणून ‘करवाढ नाही’ हे खरं असूनही तुमचं बिल वाढू शकतं. आणि दोन्हींविरुद्ध बोलायच्या जागा वेगळ्या. मूल्यावर हरकत घ्यायची असेल तर नोटीस आल्यावर दिलेल्या मुदतीत लेखी द्यायची. तिथं समाधान झालं नाही तर कोर्टात अपील आहे, पण त्याची मुदत लहान आणि आधी कराची रक्कम भरावी लागते. दरावर हरकत म्हणजे धोरणावर बोलणं, ते लोकप्रतिनिधींमार्फत आणि फेब्रुवारीच्या आधी. बहुतेक लोक दराचा राग मूल्याच्या अर्जात लिहितात आणि मूल्याची चूक नगरसेवकाला सांगतात, असं अण्णा म्हणतात. त्यांच्या टेबलाशी बसून थोडा वेळ ऐकलं की हे खरं वाटतं.

तिसरी गोष्ट ऐकताना मला मजा आली. रीतसर क्रम असा की आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढं ठेवतात. समितीत १६ सदस्य. समिती त्यात भर घालून ते सर्वसाधारण सभेकडं पाठवते, सभा आणखी भर घालून मंजूर करते. भर घालताना खर्च वाढतो आणि वर्षाअखेरीस शिल्लक तर दाखवावीच लागते, मग जमेची बाजूही तेवढी फुगवायची. कर न वाढवता जमा कशी वाढते? थकबाकी यंदा सगळी वसूल होणार असं धरायचं. कुठल्याही महापालिकेचं पुस्तक काढा, हा प्रकार थोडाफार सापडतोच. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. त्या काळात प्रस्ताव मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. फुगवटा कमी झाला असेल, पण विचारणाराही कुणी उरला नाही. अण्णांना तो काळ हिशेबाच्या दृष्टीनं बरा वाटतो. मला नाही वाटत. आमच्या पेठेतल्या गटारीचं कुणाला सांगायचं हेच तेव्हा कळत नव्हतं.

आता त्या पुस्तकाकडं. अंदाजपत्रक म्हणजे आकड्यांचं जंगल आहे आणि सामान्य माणसानं ते उघडू नये अशाच बेतानं छापलेलं असतं, हे माझं मत. अण्णांची एक युक्ती आहे. ते पान उभं दुमडतात. पानावर साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाला मूळ अंदाज काय होता, तो सुधारून किती केला, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. अण्णा पहिला आणि शेवटचा रकाना शेजारी येतील अशी घडी घालतात. मग मिळकत कराच्या, म्हणजे आपल्या घरपट्टीच्या ओळीवर पट्टी ठेवतात. प्रत्यक्ष आलेला आकडा आणि पुढं येणार म्हणून धरलेला आकडा यांत किती अंतर आहे ते बघा, म्हणतात. अंतर जेवढं मोठं, तेवढी खर्चाच्या बाजूची कामं कागदावर राहणार किंवा ठेकेदाराची बिलं पुढच्या वर्षावर जाणार. मी घरी येऊन आमच्या बचत गटाच्या वहीची अशीच घडी घातली. तिचा तपशील इथं सांगत नाही, अध्यक्षबाई हे वाचतात.

मिळकत कर हा महापालिकेचा स्वतःचा मोठा आधार, पण सगळ्यात मोठी ओळ तो नाही. ती ओळ शासनाच्या जीएसटी अनुदानाची. पूर्वी जकात होती. नाक्यावर गाड्या थांबायच्या, रोजच्या रोज पैसा जमा व्हायचा. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला तेव्हा तोही गेला, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या कायद्यानं महापालिकांना भरपाई सुरू झाली, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. म्हणजे शहराच्या हातातली पैसे मिळवायची एक मोठी वाट बंद झाली आणि तिच्या जागी दर महिन्याला शासनाकडून येणारी रक्कम आली. ती पगार-पेन्शनला जाते. हा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असा शासनाचा दंडक आहे, पण तो पाळणं बऱ्याच महापालिकांना जमत नाही. म्हणून स्वतःच्या मर्जीनं वाढवता येईल असं जे काही महापालिकेकडं उरलंय, त्यात घरपट्टी पहिली. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी घरपट्टीकडं एवढं लक्ष का असतं ते मला उमगलं. इतर काही हातातच नाही.

पाण्यावर अण्णा फार वेळ घेतात. सोलापूरकराला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगायला नको. पाणीपट्टी मात्र वर्षाची ठरावीक. त्यांनी खर्चाच्या बाजूला वीजबिलाची ओळ दाखवली. उजनी धरणापासून शहरापर्यंत पाणी आणायचं म्हणजे सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी आणि वाटेत पंप. त्या पंपांची वीज, गळती, दुरुस्ती. पाणीपट्टीतून हे सगळं निघत नाही, उरलेला भार इतर उत्पन्नावर पडतो, असं ते म्हणतात. मी म्हटलं, अण्णा, रोज पाणी द्या, मग वाढीव पट्टी मागा. ते म्हणाले, “वाढीव पट्टी दिल्याशिवाय रोज पाणी कुठनं देतील?” आम्ही दोघं तिथंच थांबलो. या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात नाही, आणि मला वाटतं कुणी खरं उत्तर शोधतही नाही.

हद्दवाढीचं प्रकरणही त्यांच्याकडं ऐकण्यासारखं आहे. १९९२ साली आसपासची गावं शहरात घेतली आणि सोलापूर सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं झालं. कर लावायला मिळकती वाढल्या खऱ्या, पण रस्ते, ड्रेनेज, दिवे पोचवायचा खर्च त्याहून वाढला. आमच्यासारखे गावठाणातले म्हणतात, आमचा पैसा तिकडं जातो. हद्दवाढ भागातली नणंद म्हणते, आम्ही कर भरतो आणि रस्ता तुमचा होतो. पुस्तकात हा हिशेब भागवार लावून दिलेला नसतो, कामांची यादी वाचून आपणच लावायचा. मी एकदा लावायला बसले आणि कंटाळून उठले. यात अण्णांनाही फार गती नाही, हे नमूद करते.

आणखी एक गोष्ट कळली ती म्हणजे सगळं काही या पुस्तकात नसतं. परिवहनचं, म्हणजे सिटी बसचं अंदाजपत्रक वेगळं. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या नंबरवर आलं तेव्हा पेढे वाटले गेले होते. तो पैसा वेगळ्या कंपनीच्या खात्यातून खर्च झाला. त्यातून झालेल्या गोष्टी सांभाळायचा रोजचा खर्च मात्र आज ना उद्या याच पुस्तकात येतो. उलट काही पैसा इथं दिसतो पण मोकळा नसतो. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के असे भाग आधीच बाजूला काढायचे असतात. माझ्या गटातल्या एकीला दिव्यांग मुलाच्या अर्थसाहाय्याचं त्या टेबलाशी बसल्यावरच कळलं. ती रोजगार हमी कराचं विचारायला आली होती.

थकबाकीवर आमचं अण्णांशी जमत नाही. मुदतीत कर भरला नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. दहा हजार थकले तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला आम्ही हाच दर लावतो, त्यामुळं तो किती जड असतो ते मला माहिती आहे. थकबाकी फुगली की मग अभय योजना येते आणि शास्ती बरीचशी माफ होते. अण्णांच्या मते हा वेळेवर भरणाऱ्याचा अपमान आहे. एकदा माफी मिळाली की लोक पुढच्या माफीची वाट बघतात, आणि अंदाजपत्रकातला थकबाकी वसुलीचा आकडा आणखी खोटा होतो. हिशेबानं ते बरोबरच आहेत. पण आमच्या पूर्व भागात यंत्रमाग बंद पडलेली, विड्या वळून चाललेली घरं मी रोज बघते. त्यांच्या बिलात मूळ करापेक्षा शास्ती मोठी झालेली असते. ती माफ केली तरच मूळ कर येईल, नाहीतर काहीच येणार नाही. मोठ्या मिळकतदारांनी याच योजनेच्या रांगेत उभं राहावं, याला मात्र माझाही विरोध आहे. घराच्या आकारानुसार माफी ठेवली तर काय बिघडतं, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, लिहून द्या, जानेवारीत.

आता दुकानाच्या खोड्या. पहिली म्हणजे पावती देत नाहीत. शंभर रुपयांची पावती काय मागायची, पण दिवसभर लोकांना पावत्या जपून ठेवायला सांगणाऱ्यानं स्वतः देऊ नये हे विचित्र आहे. दुसरी, रांग नाही. ओळखीचा माणूस आला की मध्येच त्याचं बिल घेतात. बायकांना बसायला एकच स्टूल, आणि त्यावर बहुतेक वेळा लॅमिनेशनचे कागद. तिसरी, भाषण. १९३० साली सोलापूर नगरपालिकेनं इमारतीवर तिरंगा फडकवला, पुढं मार्शल लॉ लागला, चार हुतात्मे झाले, ही गोष्ट त्यांनी मला अग्निशमन कराच्या ओळीवर असताना सांगायला घेतली. गोष्ट अभिमानाचीच आहे, पण भाजणीवर शेंगदाणे ठेवून आलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो. चौथी खोड गंभीर आहे. अक्षर वाचवत नाही. कोऱ्या कागदावरचा तो हिशेब घरी आणल्यावर मलाच लागेना, लेकीनं नव्यानं लिहून काढला. त्यांनी छापील तक्ता करून द्यावा, वीस रुपये जास्त घ्यावेत.

काही लोकांची निराशा होते तीही सांगते. बिल कमी करून द्या म्हणून येणारे हात हलवत परत जातात. “मी दलाल नाही,” असं स्पष्ट सांगतात. अर्ज लिहून देत नाहीत, कुठल्या मुद्द्यावर लिहायचा ते सांगतात आणि जोडायचे कागद सांगतात. एक गृहस्थ बिलावर आपलं नाव भोगवटादार, म्हणजे जागा वापरणारा म्हणून लागलंय म्हणजे जागा आपली झाली, या आनंदात आले होते. अण्णांनी त्यांना शांतपणे सांगितलं की कराच्या पुस्तकातलं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, मालकी खरेदीखतावरून आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून बघतात. गृहस्थ चिडून गेले, पैसेही दिले नाहीत. अण्णांनी मागितलेही नाहीत.

मग कुणी जावं? घरात दुकान, शिकवणी, शिवणकाम, मेस, खोली भाड्यानं, असं काही असेल तर जाच. नुकतं बांधकाम वाढवलं असेल किंवा आकारणीची नोटीस हातात असेल तर त्याच आठवड्यात जा, मुदत निघून जाते. जुन्या वाड्यात चार भावांची नावं एका बिलावर असतील तर जाताना सगळ्यांना घेऊन जा, नाहीतर अण्णांनी काय सांगितलं यावरून घरी वेगळं भांडण होईल. सरळ फ्लॅट असेल, वेळेवर ऑनलाइन भरत असाल, तर बिलासाठी जायची गरज नाही. पण अंदाजपत्रकाची घडी बघायला एकदा जावं असं मी म्हणेन. तेवढ्यापुरते ते शंभर घेत नाहीत, चहा मागवतात.

जाताना चालू बिल, मागच्या वर्षीची पावती, आणि असल्यास बांधकाम परवान्याची झेरॉक्स न्या. झेरॉक्स नसली तर तिथंच काढून मिळते, तेवढा धंदा मुलाचा. मार्चमध्ये जाऊ नका, बोळात उभं राहायला जागा नसते. संक्रांतीच्या आसपास अण्णा चार-पाच दिवस दुकानात नसतात, यात्रेत असतात, म्हणजे इतरांना नावं ठेवतात आणि स्वतः तेच करतात. डिसेंबर सगळ्यात चांगला.

पाचपैकी चार. अर्धा गुण पावतीचा कापला, अर्धा अक्षराचा. भाषणाचा कापला नाही, ते ऐकायला काही लोक मुद्दाम येतात. आणि सुटे शंभर जवळ ठेवा. स्कॅन केलं की पैसे मुलाच्या खात्यात जातात आणि मग त्यावरून बापलेकांचा हिशेब तुमच्यासमोरच सुरू होतो.